वाचकांचे प्रश्न : अर्धवट ओल्या ट्रॅकवरची शर्यत

मोटारशर्यती आणि पाऊस या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर आले, हे सकाळच्या चहाबरोबर विचारणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातून या विषयावर पत्रे कमी येणार नाहीत, हा अंदाज खरा ठरला. सर्वांना उत्तरे देणे शक्य नसल्याने एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या पत्रांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : आम्ही चार मित्र रविवारी एकत्र बसून फॉर्म्युला वन पाहतो. कोरड्या ट्रॅकवर चालकाची आणि गाडीची परीक्षा होते आणि मध्येच पाऊस आला की शर्यतीची सोडत होते, असे माझे मत आहे. २००८ ची ब्राझीलची आणि २०२१ ची रशियाची शर्यत निव्वळ नशिबावर ठरली. मित्रांना हे मान्य नाही. आपण काय म्हणाल?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नशिबाचा भाग नाकारता येत नाही, पण मी आपल्या मित्रांच्या बाजूचा आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग पाऊस पडला, तर शर्यत अवघड होते, पण गोंधळाची होत नाही. सगळेच पावसाळी टायर लावतात आणि ज्याचा हात हलका व डोके शांत तो पुढे जातो. खरा पेच पावसाचा नसून बदलाचा आहे. ट्रॅक कोरड्याकडून ओल्याकडे किंवा ओल्याकडून कोरड्याकडे सरकत असतो, त्या पाच-सात फेऱ्यांत प्रत्येक संघाला पुरेशी माहिती हाती येण्यापूर्वी निर्णय घ्यावा लागतो, आणि माहिती पूर्ण होईपर्यंत थांबणे हाही एक निर्णयच असतो.

रशियाची, म्हणजे सोचीची शर्यत घेऊ. २६ सप्टेंबर २०२१ रोजी लँडो नॉरिस कारकिर्दीत प्रथमच पहिल्या क्रमांकावरून सुटला होता आणि शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना आघाडीवर होता. पाऊस ट्रॅकच्या काही भागात होता, काही भागात नव्हता. मर्सिडीज संघाने लुईस हॅमिल्टनला टायर बदलायला आत बोलावले. तो पहिल्या निरोपाला आला नाही, दुसऱ्याला आला. नॉरिसने कोरड्याचे टायर ठेवून बाहेरच राहण्याचे ठरवले. पाऊस वाढायला आणखी दोन फेऱ्या उशीर झाला असता, तर त्याच धाडसाचे आपण सर्वांनी कौतुक केले असते. पाऊस वाढला, नॉरिस घसरून ट्रॅकबाहेर गेला आणि सातवा आला. हॅमिल्टनला कारकिर्दीतला शंभरावा विजय मिळाला. मात्र याच शर्यतीत मॅक्स व्हर्स्टॅपन सर्वांत मागून सुटून, योग्य फेरीत टायर बदलून दुसरा आला होता. एकाच्या हातून शर्यत निसटणे आणि दुसऱ्याने अठरा जागा वर येणे या दोन्ही गोष्टी एकाच सरीत घडल्या असतील, तर त्या सरीला सोडत म्हणणे मला पटत नाही.

आपल्याकडे प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीतला शेतकरी नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागण्यापूर्वीच जनावरे हलवतो. पाणी ३८ फुटांवरून उतरले तर लोक त्याची थट्टा करतात. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तर त्याच्या शहाणपणाचे दाखले देतात. दोन्ही वेळी त्याचा निर्णय एकच असतो आणि दोन्ही वेळी तो बरोबर असतो, कारण तो हाती असलेल्या माहितीवर आणि चुकल्यास होणाऱ्या नुकसानीच्या हिशेबावर घेतलेला असतो. शर्यतीतही तसेच. ज्याच्या पुढे कोणी नाही त्याला आधी थांबण्यात पहिली जागा गमावण्याची भीती असते. मागच्या चालकाला गमावण्यासारखे फारसे नसते, म्हणून तो लवकर जुगार खेळू शकतो. आघाडीवरचा चालक अशा वेळी चुकलेला अधिक दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच आहे.

ब्राझीलबद्दलही असेच. २ नोव्हेंबर २००८ रोजी इंटरलागोसला शेवटच्या काही फेऱ्यांत पाऊस आला, पुढचे बहुतेक चालक टायर बदलायला थांबले आणि टोयोटाचा टिमो ग्लॉक कोरड्याच्या टायरवरच राहिला. वर्षाच्या विजेतेपदासाठी हॅमिल्टनला पाचवा क्रमांक हवा होता, तो सहावा होता, आणि शेवटच्या फेरीतील शेवटच्या वळणांवर त्याने घसरत चाललेल्या ग्लॉकला गाठले. फेलिपे मासाने शर्यत जिंकली, पण एका गुणाने विजेतेपद गमावले : ९८ विरुद्ध ९७. ग्लॉकने मुद्दाम वाट दिली, अशी ओरड नंतर पुष्कळ झाली. ती अन्यायाची होती. कोरड्याच्या टायरवर भर पावसात गाडी रस्त्यावर ठेवणे हेच त्या फेरीत त्याचे काम होते.

आता आपल्या मित्रांसाठी एक पुरावा. ११ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन पार्कला आयर्टन सेन्ना सुरुवातीला पाचव्या जागी ढकलला गेला आणि पहिली फेरी संपण्यापूर्वी चौघांना मागे टाकून पहिला झाला. ही फेरी सर्वांच्या लक्षात आहे. त्या दिवशीची दुसरी गोष्ट मात्र फार कोणी सांगत नाही : पाऊस येत-जात राहिला आणि तोवर तीन वेळा जगज्जेता ठरलेला अ‍ॅलन प्रोस्ट तब्बल सात वेळा टायर बदलायला थांबला. आभाळ दोघांचे एकच होते. एकाने ते बरोबर वाचले, दुसरा प्रत्येक सरीच्या मागे धावत राहिला.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गाड्यांना बारा महिने एकच टायर चालतो. मग शर्यतीत ओल्या आणि कोरड्या दोन्हींसाठी चालेल असा एकच टायर का बनवत नाहीत?
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : घरच्या गाडीचा टायर दोन्हीकडे चालतो, कारण तो कुठेच टोकाला जात नाही. शर्यतीचा कोरड्याचा टायर, म्हणजे स्लिक, पूर्ण गुळगुळीत असतो, जेणेकरून रबराचा जास्तीत जास्त भाग डांबराला टेकावा; आणि तो ठरावीक तापमानाला पोहोचला तरच पकड देतो. ओल्या ट्रॅकवर पाणी त्याला थंड करते, थंड टायर घसरतो, घसरतो म्हणून चालक वेग कमी करतो आणि वेग कमी झाल्याने टायर आणखी थंड होतो. या चक्रातून बाहेर पडायला टायर बदलण्यावाचून मार्ग नसतो.

पावसाळी टायरचे काम पाणी बाजूला फेकण्याचे आहे. फॉर्म्युला वनला टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार, ताशी ३०० किलोमीटर वेगाला हिरव्या पट्ट्याचा इंटरमीडिएट, म्हणजे कमी ओल्या ट्रॅकसाठीचा टायर सेकंदाला सुमारे ३० लिटर पाणी दूर करतो आणि निळ्या पट्ट्याचा पूर्ण पावसाळी टायर सुमारे ८५ लिटर. म्हणजे आपल्याकडची पाण्याची मोठी कळशी डोळ्यांसमोर आणा, आणि अशा पाच-सहा कळश्या एका सेकंदात उपसल्या गेल्याची कल्पना करा. मात्र ट्रॅक सुकू लागला की याच टायरचे खाचांनी वेगळे झालेले रबराचे ठोकळे डांबरावर डुलू लागतात, तापतात आणि काही फेऱ्यांत त्यांचे तुकडे पडू लागतात. सुकत्या ट्रॅकवर एखादा चालक सरळ रस्त्यावर मुद्दाम डबक्यांतून गाडी नेताना दिसला, तर तो टायर थंड करत असतो.

ज्या क्षणी एका प्रकारच्या टायरवरची फेरी दुसऱ्या प्रकारावरच्या फेरीइतकीच जलद होते, त्याला संघ ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. गंमत अशी की हा क्षण नेमका कोणता, हे कोणीतरी टायर बदलून फेरी मारल्याशिवाय कळत नाही. म्हणून सगळे संघ शेवटच्या क्रमांकाच्या गाडीच्या वेळांकडे डोळे लावून बसतात. सर्वांत मागचा चालक बदलत्या हवामानात सर्वांचा चाचणीदार होतो, आणि कधी कधी त्याचाच फायदा होतो.

आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात म्हणून आणखी एक निरीक्षण. पूर्ण पावसाळी टायर अलीकडे फारसा वापरलाच जात नाही. तो लागेल इतके पाणी साचते तेव्हा गाड्यांमागे तुषारांची अशी भिंत उभी राहते की मागच्याला काही दिसत नाही, आणि शर्यतच थांबवावी लागते. टायर आपले काम करतो, पण दृष्टी साथ देत नाही. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची असून कार्टिंग शिकते. वळिवाच्या दिवसांत सराव करताना ती कोरड्यातली नेहमीची रेषा धरते आणि घसरते. प्रशिक्षक तिला वळणाच्या बाहेरून जायला सांगतात. लांबच्या रस्त्याने जाऊन वेळ कसा वाचेल, हे तिला आणि मलाही कळत नाही.
– एक पालक, कागल

उत्तर : प्रशिक्षकांचे बरोबर आहे. कोरड्यात सगळे ज्या रेषेवरून जातात, तिथे टायरचे रबर घासून डांबरात बसते आणि त्याचा गुळगुळीत थर तयार होतो. ऊन असताना हाच थर पकड देतो; त्यावर पाणी पडले की तो शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखा होतो. बाहेरच्या बाजूचे डांबर खरखरीत राहिलेले असते, त्याच्या खडीच्या टोकांना टायर धरतो, म्हणून अंतर वाढूनही वेळ कमी लागतो. रंगवलेल्या कडा आणि पांढऱ्या पट्ट्यांवर तर ओल्यात चाक जाऊच देऊ नये.

कार्टची आणखी एक खोड आहे. तिच्या मागच्या दोन चाकांना एकच सलग दांडा असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो; त्यामुळे वळताना आतले मागचे चाक किंचित उचलले गेले तरच कार्ट मोकळेपणाने वळते. कोरड्यात पकड भरपूर असल्याने ते आपोआप उचलले जाते. ओल्यात पकड नसते, चाक जमिनीलाच राहते आणि कार्ट नाक सरळ ठेवून पुढे घसरत जाते. यासाठी ओल्यात पुढच्या चाकांमधले अंतर वाढवतात आणि कॅस्टर, म्हणजे पुढची चाके ज्या आसावर वळतात त्याचा मागे झुकलेला कोन, तोही वाढवतात, जेणेकरून स्टीअरिंग फिरवताच आतले चाक उचलायला मदत होईल. मुलीला एवढेच सांगावे की स्टीअरिंग सुरुवातीला जरा ठामपणे फिरवायचे, मात्र ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय मऊ ठेवायचा.

छोट्या शर्यतीत मध्येच टायर बदलायला वेळ नसतो. निर्णय ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत जाण्यापूर्वीच घ्यावा लागतो. कोल्हापूरजवळ मोहिते यांचा ट्रॅक आहे आणि तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, हे आपण जाणताच. अशाच एका स्थानिक स्पर्धेत मदतनीस म्हणून उभा असताना मी एका ओळखीच्या मुलाला ‘ढग जोतिबाकडून येतोय, पावसाळी टायर लाव’ असा छातीठोक सल्ला दिला होता. ढग पन्हाळ्यावरूनच वळला, मुलगा शेवटचा आला, आणि त्याचे वडील पुढे वर्षभर मला भेटले की आधी आभाळाकडे पाहत.

प्रश्न : पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांसमोर शर्यत थांबवणे, मग अर्धे गुण देणे, हा काय प्रकार आहे? कुस्ती अर्धी झाली म्हणून अर्धी गदा देत नाहीत.
– निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : गुरुजी, अर्ध्या गदेची कल्पना आवडली, आणि ती प्रत्यक्षात किती महाग पडते, याचे उदाहरण इतिहासात आहे. ३ जून १९८४ रोजी मोनॅकोला मुसळधार पावसात ३१ फेऱ्यांवर शर्यत थांबवली गेली. प्रोस्ट पहिला होता, नवखा सेन्ना वेगाने त्याच्याजवळ येत होता. ठरलेल्या अंतराच्या तीन चतुर्थांश टप्पा झाला नसल्याने अर्धे गुण मिळाले, म्हणजे विजयाच्या ९ ऐवजी प्रोस्टला ४.५. वर्षाअखेरीस निकी लाउडाचे ७२ आणि प्रोस्टचे ७१.५ गुण झाले. अर्ध्या गुणाने विजेतेपद गेले. लाउडा मोनॅकोत आधीच बाद झाला होता. शर्यत पूर्ण होऊन सेन्नाने प्रोस्टला मागे टाकले असते, तरी दुसऱ्या क्रमांकाचे ६ गुण प्रोस्टला मिळाले असते आणि तोच जगज्जेता झाला असता. थांबवलेली शर्यत जिंकून तो वर्षाची स्पर्धा हरला, असे म्हणता येते.

थांबवण्याबद्दल मात्र मी अधिकाऱ्यांच्या बाजूचा आहे. ताशी तीनशेच्या वेगाने जाणाऱ्या चालकाला पुढे फक्त पांढरे धुके दिसत असेल, तर त्याचे कौशल्य उपयोगाचे राहत नाही. २०१४ मध्ये जपानमधील सुझुकाला ओल्या ट्रॅकवरून घसरून ज्युल्स बियांची याची गाडी दुसरी गाडी उचलायला आलेल्या यंत्रावर आदळली आणि पुढच्या वर्षी तो गेला. त्यानंतर सावधगिरीला भित्रेपणा म्हणण्याचा अधिकार घरी बसलेल्या आपल्याला उरत नाही.

पण २९ ऑगस्ट २०२१ ला बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशॉम्पला जे झाले, त्याचे समर्थन मी करणार नाही. कित्येक तास पाऊस थांबला नाही, गाड्या वेग आवरून धरणाऱ्या अधिकृत गाडीमागे, म्हणजे सेफ्टी कारमागे मोजक्या फेऱ्या फिरल्या, एकानेही दुसऱ्याला मागे टाकण्याचा प्रयत्न केला नाही, तरी निकाल जाहीर करून अर्धे गुण वाटण्यात आले. शर्यत झालीच नाही, असे सांगण्याचा प्रामाणिकपणा अधिक शोभला असता. या टीकेनंतर नियम बदलला : सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुण नाहीत आणि त्यापुढे किती अंतर झाले त्या प्रमाणात पायरीपायरीने गुण.

नियम बदलला तरी भाषेत फट राहिली. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी सुझुकाला पावसामुळे ५३ पैकी २८ फेऱ्याच झाल्या. गुण कमी मिळतील, असे सर्वांनी गृहीत धरले. पण कमी गुणांची अट ‘थांबवून पुन्हा सुरू न झालेल्या’ शर्यतीला होती. ही शर्यत पुन्हा सुरू होऊन वेळेअभावी संपली होती. म्हणून पूर्ण गुण मिळाले आणि व्हर्स्टॅपन जगज्जेता झाला आहे की नाही, हे काही काळ खुद्द त्यालाही समजत नव्हते. सात-बाराच्या उताऱ्यावरची एक ओळ कोर्टात किती वर्षे चालते, हे माहीत असलेल्या आपल्या जिल्ह्याला याचे आश्चर्य वाटू नये.

प्रेक्षकांबद्दल आपण लिहिले ते योग्य आहे, तरी थांबण्याचे फळ कधी गोडही असते. १२ जून २०११ रोजी माँट्रियलला दोन तासांहून अधिक खोळंबा झाला. जेन्सन बटन दोन टकरी, एक शिक्षा आणि एक पंक्चर यांतून जाऊन एका टप्प्यावर सर्वांत शेवटी होता. शेवटच्या फेरीत आघाडीवरच्या सेबॅस्टियन व्हेटेलचे चाक कोरड्या पट्ट्यावरून जरासे ओल्यात गेले आणि बटन जिंकला. एकूण वेळ ४ तास ४ मिनिटे ३९ सेकंद. बसून राहिलेल्यांचे पैसे वसूल झाले.

प्रश्न : मोटरसायकलच्या शर्यतीत टायर बदलताना दिसत नाहीत. मग पाऊस आल्यावर काय करतात? आणि अमेरिकेतल्या गोल ट्रॅकवर पाऊस आला तर?
– दोन वाचक, शाहूपुरी व जयसिंगपूर

उत्तर : मोटोजीपीत टायर नव्हे, तर अख्खी गाडी बदलतात. दुसरी मोटरसायकल पावसाळी टायर लावून पिटमध्ये उभीच असते; पांढरा झेंडा दाखवला की स्वार आत येऊन एकीवरून उतरतो आणि दुसरीवर बसतो. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातील ब्र्नोला सुकत्या ट्रॅकवर मार्क मार्केझने इतरांच्या बराच आधी गाडी बदलली आणि शर्यत खिशात घातली. अमेरिकेतील मोठ्या अंडाकृती ट्रॅकवर मात्र पावसात शर्यत होतच नाही. आतल्या बाजूला कललेल्या वळणांवर आणि भिंतीलगत तो वेग ओल्यात झेपणारा नसतो. इंडियानापोलिस ५०० मध्ये निम्म्याहून एक फेरी अधिक झाली असेल तर निकाल लागतो. १९७६ मध्ये जॉनी रदरफोर्डने २०० पैकी १०२ फेऱ्यांवर ती जिंकली.

प्रश्न : चेन्नईची रात्रीची रस्त्यावरची शर्यत पावसामुळे अडली होती ना? आपल्याकडे पावसाळा ठरलेला असताना तारखा नीट का ठरवत नाहीत?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ती शर्यत आधी डिसेंबर २०२३ मध्ये ठरली होती आणि मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्याखाली गेल्याने पुढे ढकलली गेली. आपला पावसाळा जून ते सप्टेंबर. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. पुढे ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ या तारखा निवडल्या, तर शनिवारी नेमका जोरदार पाऊस झाला, ट्रॅकची सुरक्षा तपासणी लांबली आणि त्या दिवसाचे वेळापत्रक कोलमडले. तारीख ठरवणाऱ्यांना पहिल्या वेळी दोष देता येईल, दुसऱ्या वेळी नाही.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात पुणे-बंगळूर महामार्गावर कागलजवळ माझी गाडी क्षणभर पाण्यावर तरंगल्यासारखी झाली. वेग ताशी शंभरच्या आसपास होता. शर्यतीतले चालक अशा वेळी काय करतात?
– एक व्यापारी, गांधीनगर

उत्तर : शर्यतीतला चालक अशा वेळी फारसे काही करत नाही, आणि आपणही करू नये. टायरला पाणी बाजूला सारायला वेळ मिळाला नाही की तो पाण्याच्या थरावर चढतो. त्या क्षणी स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही नावापुरते राहतात. विमानांच्या टायरसाठी एक जुने ढोबळ सूत्र आहे : हवेच्या दाबाचे पीएसआयमध्ये वर्गमूळ काढून त्याला ९ ने गुणावे, म्हणजे नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) वेग मिळतो. ३० पीएसआयला हे उत्तर ताशी सुमारे ९१ किलोमीटर येते. झिजलेला टायर आणि साचलेले पाणी असेल तर आपला शंभरचा वेग त्याच्या पलीकडचाच होता. हवा कमी असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते, म्हणून ‘पावसात हवा कमी ठेवा’ हा कट्ट्यावरचा सल्ला मानू नये.

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळू उचलावा, ब्रेक जोरात दाबू नये, स्टीअरिंग सरळ धरावे आणि चाके पुन्हा रस्त्याला लागेपर्यंत धीर धरावा. क्रूझ कंट्रोल पावसात बंद ठेवावा. टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात; रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले म्हणजे १.६ मिलिमीटर खोली उरली, आणि कायद्याची मर्यादा तीच आहे. खरे तर त्याच्या बऱ्याच आधी टायर बदलावेत. पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी सारलेल्या पट्ट्यांतून, पण तिच्यापासून भरपूर अंतर ठेवून गाडी चालवावी. सुकत्या ट्रॅकवर चालकही तोच पट्टा शोधत असतात.